वरच्या मजल्यावरचं ऊन

“साहेब काय म्हनला? वरचा मजला काढा अन् जाळून टाका. मग जाळ की! कावून बघत बसलीस?”

अजिनाथ शेडच्या दारातूनच ओरडत होता. हात धुतल्याशिवाय आत यायची त्याला मनाई होती. आत चार मजली मांडणीवर रेशमाच्या अळ्या होत्या, चौथी कात टाकून बोटाएवढ्या झालेल्या. खालच्या तिन्ही मजल्यांवर तुतीचा फडशा चालला होता. सगळ्यात वरच्या मात्र माना उचलून नुसत्या बसलेल्या. पाला समोर सुकत होता, पण तोंड लावायला एक तयार नाही. त्याची बायको शिवकन्या स्टुलावर चढून त्यांच्याकडे बघत होती, जेवणावरून रुसलेल्या पोरींकडे आई बघते तशी.

शिरूर कासार तालुक्यातली ही वाडी. दिवाळी आली की निम्म्या घरांना कुलपं लागतात. शिवकन्या सतराव्या वर्षी लग्न होऊन आली आणि त्याच हंगामात नवऱ्यामागं ऊस तोडायला ट्रकवर चढली. तेव्हापासून चौदा हंगाम झाले. यंदा विहिरीला पाणी टिकलं, अर्ध्या एकरात तुती फोफावली, आणि तिनं अळ्यांची ही पहिली बॅच घातली. कोष पदरात पडले तर पंधराव्या हंगामाला जायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. ऊसतोडीचा मुकादम बद्रीनाथ शुक्रवारी जबाब घ्यायला येणार होता. आज मंगळवार.

सकाळी तिनं रेशीम खात्याच्या सोमेश्वर साहेबांना फोन केला होता.

“ताई, शेडमध्ये तापमान किती?”

“अठ्ठावीस.”

“मग उष्णतेचा प्रश्नच नाही. रोग असणार. वरच्या काढून टाका, नाहीतर खाली पसरेल.”

शिवकन्येला हे पटेना. ती अजिनाथला म्हणाली, “रोग काय मजले मोजून येतो? नेमका वरच्याच मजल्यावर?”

“तू काय डॉक्टर हाय का?”

थर्मामीटर दुसऱ्या फळीखाली सावलीत टांगलेला होता. तिनं तो काढून वर धरला. पारा तीसवर थांबला.

“बघ, दोनच डिगरी,” अजिनाथ म्हणाला.

पण वर डोकावलेल्या शिवकन्येचा गाल चटचट तापत होता. जाळीतून वारा येत होता, तो गार होता. मग हे भाजतंय काय? तिला चूल आठवली. भाकरी करताना तोंड भाजतं आणि पाठ गार राहते. वारं तर दोन्हीकडं एकच. मधे परात आडवी धरली की झळ तिथल्या तिथं तुटते. म्हणजे चूल वाऱ्याला तापवून मग आपल्याला भाजत नाही. जो समोर दिसेल त्याला थेट भाजते.

तिनं मान वर केली. पत्रा जुन्या खोपटाचा होता. त्याखाली वर्षानुवर्षं अंघोळीचं पाणी तापलेलं, धुरानं आतून काळाकुट्ट. बाहेरून त्यावर ऑक्टोबरचं ऊन.

“अहो, त्यो पत्रा बघतोय यांच्याकडं.”

“आता पत्र्याला डोळं उगवलं!”

“वरच्या मजल्याला पत्रा दिसतो. खालच्यांच्या डोक्यावर फळी हाय, त्यांना दिसत न्हाई. थांबा, दावते.”

तिनं घरातून चुलीवरचा काळा तांब्या आणला. थर्मामीटर आत सोडला, तोंडाला फडकं कोंबलं. काचेची बारीक नळी वाऱ्याचंच ऐकते. काळा तांब्या झळ पिऊन बसेल, असा तिचा होरा. खालच्या फळीवर अर्धा तास ठेवला, एकोणतीस. मग तितकाच वेळ वर. अजिनाथ हात धुऊन आत आला आणि स्वतः स्टुलावर चढला.

“छत्तीस,” तो हळूच म्हणाला. मग खाली उतरून, “चुना कुठं ठिवलाय?”

दुपारभर तो पत्र्यावर चुन्याचे हात देत राहिला. मग आत शिवकन्येनं जुन्या साड्या दुहेरी करून दिल्या आणि त्यानं त्या पत्र्याखाली ताणल्या.

“हातभर खाली बांधा,” ती सांगत होती. “पत्र्याला चिकटली तर साडी बी पत्र्यावानीच तापंल.”

बुधवारी भर दुपारी तांब्यात एकतीस निघाले. वरच्या अळ्यांपैकी एक तृतीयांश मेल्या होत्या. त्या तिनं वेचून लांब खड्ड्यात पुरल्या. उरलेल्यांपैकी एकीनं मान खाली घातली, मग दुसरीनं. संध्याकाळी वरचा पाला अर्धा झाला होता.

तिनं सोमेश्वर साहेबांना फोन लावला.

“तांब्यात थर्मामीटर?” साहेबांनी तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं. “ताई, अशी झळ मोजायला आमच्याकडं काळा गोळा मिळतो. आत थर्मामीटर बसवलेला.”

“मग तुमी दिला कावून न्हाई?”

“चुकलंच,” साहेब हसले. “उद्या येतो. मला तो पत्रा बघायचाय.”

शुक्रवारी बद्रीनाथची जीप अंगणात थांबली.

“वहिनी, कोयता धरायचा ना? तुमचं नाव लिहितो.”

“न्हाई भाऊ, औंदा नको.”

“कोष झाले का?”

“अजून एक बी न्हाई.”

“आँ? मग कशाच्या जोरावर नको म्हनताय? मेल्या समद्या तर?”

 खरं तर हाच सवाल शिवकन्या तीन दिवस स्वतःला विचारत होती.

“मेल्या तर कुठं चुकलं ते हुडकीन. मंगळवारी एक हुडकलंय.”

बद्रीनाथ अजिनाथकडे वळला. “काय गड्या, तू बोल. घरात कोन ठरवतं?”

अजिनाथनं विळा उचलून खांद्यावर पोतं टाकलं.

“बद्रीनाथ, बसाया वेळ न्हाई बघ. अळ्यांना पाला तोडायचाय. अन् यंदा वरच्या मजल्याला बी लागतो.”