पद्मिनीताई आणि तीन पायांचा तिरप्या

पद्मिनी गंधे यांचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. त्यांची माझी ओळख गणपतीच्या दहा दिवसांपुरती. लखनौतली मराठी माणसं तेवढ्यापुरती एकत्र येतात, आरत्या म्हणतात, एकमेकांना नंबर देतात आणि वर्षभर कुणी कुणाला फोन करत नाही. म्हणून जुलैतल्या रविवारी भरदुपारी त्यांचं नाव स्क्रीनवर बघून मी जरा दचकलेच.

"अमृता, तू कॉलेजात बेडकांचं शिकवतेस ना?"

मी प्राणिशास्त्र शिकवते. बेडूक त्यात एका धड्यापुरते येतात. पण मी हो म्हटलं.

"मग ये जरा. एकाचा हात यायचा राहिलाय."

पद्मिनीताई मूळच्या अमरावतीच्या. पंचविशीत रेल्वेच्या संशोधन संस्थेत ड्रॉइंग सेक्शनला नोकरी लागली म्हणून त्या लखनौच्या मानक नगरात आल्या आणि तिथल्याच एका ब्रेकवाल्या इंजिनिअरशी, जगदीश गंध्यांशी, त्यांचं लग्न झालं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी डब्यांच्या खालच्या भागाची ड्रॉइंग काढली, आणि पुढे दुसऱ्यांनी काढलेली तपासली. तपासणाऱ्या पद्मिनीताईंची सेक्शनमध्ये दहशत होती. त्यांच्या हातात लाल पेन्सिल असायची. केसभर चुकलेली रेघही त्यांना टेबलाच्या पलीकडच्या टोकावरून दिसायची, असं जगदीशराव अजून सांगतात. घरही तसंच. चटया टाइल्सच्या रेघेला समांतर, डबे उंचीप्रमाणे. कुत्रा नाही, मांजर नाही, कुंड्यासुद्धा चारच, कारण पाचवी ठेवली की त्यांच्यातलं अंतर सारखं राहत नाही.

त्या घराच्या मागच्या अंगणात कूलरचा पत्र्याचा ट्रे पडला होता. पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो, म्हणून त्यांनी तो काढून ठेवला होता, आणि त्यात पावसाचं पाणी साचून शे-दीडशे काळे बेडूकमासे वळवळत होते. पद्मिनीताईंनी ट्रे घासायला घेतला. बाकी सगळे त्यांनी बादलीत भरून कॉलनीमागच्या डबक्यात नेऊन सोडले. एक तेवढा पाणी उपसायच्या मगमध्ये राहून गेला. तो फेकायला म्हणून त्यांनी मग उचलला, सवयीने आत नीट बघितलं आणि थांबल्या. मागचे दोन पाय होते. पुढचा उजवा होता. डावीकडे नुसती एक गाठ.

मी गेले आणि भिंगातून बघितलं. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं.

"कधी कधी असं होतं," मी म्हटलं. "याला डबक्यातच सोडून द्या, ताई. जंगली जीव आहे."

"सोडला तर किती दिवस जगेल?"

"एखादा."

जगदीशराव दारात उभे होते, आत यायला तयार नव्हते. त्यांना बेडकांची किळस होती आणि ते ती लपवतही नव्हते. "पद्मिनी, हा रिजेक्टेड पीस आहे," ते म्हणाले. "तूच सही करणार नाहीस याच्यावर."

"मी याचं ड्रॉइंग काढलेलं नाही," पद्मिनीताई म्हणाल्या, आणि मगवर जाळीची गाळणी झाकली.

आठवड्याभरात शेपूट आटली आणि करंगळीच्या नखाएवढा एक बेडूक मगच्या काठाला चिकटून बसला. एका हातावर भार टाकायचा म्हणून तो कायम डावीकडे कललेला असायचा. पद्मिनीताई त्याला तिरप्या म्हणू लागल्या. घरी काम करणारी सरोज उत्तर प्रदेशातल्याच गोंडा जिल्ह्याची. तिला हे नाव काही केल्या उच्चारता येईना. तिने त्याचं तिरपाल, म्हणजे ताडपत्री, केलं, आणि त्याला मान देऊन "तिरपालजी" म्हणू लागली.

आता नखाएवढ्या जिवाला खायला काय घालायचं? मी सांगितलं की फळांवर घोंघावतात ती चिलटं लागतील, आणि ती रोज लागतील. मला वाटलं, इथे हा विषय संपेल. ज्या घरात माशी आली की दोन माणसं दोन बाजूंनी उठतात, त्या घरात चिलटं कोण पाळणार?

पुढच्या वेळी गेले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन बरण्या होत्या. प्रत्येकीत चौसा आंब्याची कोय आणि साली, वर मलमलीचा तुकडा, त्याला रबर, आणि बरणीवर सुंदर अक्षरात तारीख. पहिली बरणी संपेपर्यंत दुसरी तयार व्हावी असा हिशोब होता. घरभर आंबलेल्या आंब्याचा वास. सरोज पदर नाकाला लावून भांडी घासत होती.

"दीदी, पूरा मोहल्ला मक्खी भगाता है," ती मला म्हणाली, "हमारी मैडम उगा रही हैं."

जगदीशराव मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "अमृता, आमच्याकडे यंदा आंबा कापला की आधी कोय बरणीत जाते. मला गर मिळतो तो उरला तर."

तिरप्याची शिकार बघण्यासारखी होती. जीभ बाहेर फेकताना अंगाला झटका बसतो. बाकीचे बेडूक तेव्हा दोन्ही हात रोवून उभे असतात. तिरप्या जीभ फेकायचा आणि त्याच झटक्यात तोंडावर आपटायचा. चिलट उडून जायचं. तो थोडा वेळ तसाच पडून राहायचा, मग उजव्या हाताने स्वतःला लोटून पुन्हा बसायचा. पद्मिनीताईंनी त्याला आता काचेच्या पेटीत ठेवलं होतं; तिच्याजवळ त्या स्टूल घेऊन बसायच्या आणि हलक्या आवाजात त्याच्याशी बोलायच्या. "थोडं उजवीकडे बघ. हं. गेलं तर गेलं, दुसरं येईल. घाई नाही करायची."

सप्टेंबरात त्या आपटण्याने त्याच्या हनुवटीला जखम झाली. लाल झाली, मग पांढुरकी. पद्मिनीताईंनी ऑफिसला रजा टाकली आणि त्याला डब्यात घालून आलमबागेतल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर गेले. एका बाजूला लॅब्रेडॉर, दुसऱ्या बाजूला पर्शियन मांजर, मध्ये पद्मिनीताई इस्त्रीच्या साडीत, मांडीवर श्रीखंडाचा जुना डबा, झाकणाला भोकं. लॅब्रेडॉरच्या मालकिणीने विचारलं, "आपका कौन है?"

"मेंढक," पद्मिनीताई म्हणाल्या. "हाथ नहीं है एक."

"अच्छा," त्या बाई म्हणाल्या आणि कुत्र्याला जवळ ओढलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. "मैडम, हम तो कुत्ता-बिल्ली देखते हैं," ते म्हणाले. पण माणूस भला निघाला. आपल्या कुणा सरांना फोन करून त्यांनी औषध विचारलं आणि कागदावर लिहून दिलं. औषध दिवसातून दोनदा, रंगाच्या बारीक ब्रशने लावायचं, आणि आपटणं बंद करायचं. ते कसं, हे मात्र त्यांना सांगता येईना.

इथे जगदीशराव यात आले. त्यांची सगळी नोकरी ब्रेक आणि धक्के यांत गेली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत त्यांना कुणी धक्क्यांबद्दल काही विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी लांबूनच सूचना दिल्या. दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून घेतली. फोम आणला; तो पाणी धरून कुजायला लागला. जाड फेल्टचं लोकरी कापड घातलं. त्यात तिरप्याची बोटं अडकली. नारळाचा काथ्या कापून घातला, तर त्याने हनुवटी आणखी खरवडली. जेवणाच्या टेबलावर नवरा-बायकोत त्यावरून भांडण झालं, ते मी ऐकलंय. त्या म्हणत होत्या जाडी कमी पडतेय, ते म्हणत होते प्रश्न जाडीचा नाही. शेवटी जगदीशरावांनी अंगणातल्या पेरूखालची कुजलेल्या पानांची ओली माती चाळून पेटीत पसरली. चार बोटं जाड. तिरप्या त्यावर आपटला, मऊ मातीत हनुवटी बुडाली आणि तो उठून बसला.

"एवढं शोधून शेवटी मातीच निघाली," जगदीशराव म्हणाले. पण खूश होते. आणि बोलता बोलता त्यांनी तिरप्याला तळहातावर उचलून घेतलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी त्याला परत ठेवलं, बाथरूममध्ये जाऊन तीनदा साबण लावला आणि दुसऱ्या दिवशी कडुलिंबाच्या बुंध्यावरची वाळवी कागदात घेऊन आले.

जखम पंधरा दिवसांत भरली.

दिवाळीला संपदा आली. ती त्यांची एकुलती मुलगी. बंगळुरूला असते, कपड्यांवरची नक्षी काढते. लखनौत वाढलेली, त्यामुळे मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून. फराळाला त्यांनी मलाही बोलावलं होतं. चकल्या झाल्या आणि पद्मिनीताई म्हणाल्या, चला, त्याची वेळ झाली.

तोवर तिरप्या अंगठ्याएवढा झाला होता आणि गांडुळाचे तुकडे खाऊ लागला होता. लांब तुकडा दोन हातांनी तोंडात कोंबावा लागतो. याला एकच हात. ताईंनी चिमट्याने तुकडा समोर धरला. तो चुकला. पुन्हा धरला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा पकडला, पण अर्धा बाहेर लोंबकळत राहिला आणि मातीत पडला.

"छान," पद्मिनीताई म्हणाल्या. "खूप छान होतंय, राजा. मघापेक्षा चांगलं. पुन्हा करू."

संपदा पेटीकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "मुझे तो आपने ऐसे कभी नहीं कहा."

"काय नाही म्हटलं?"

"छान. पुन्हा करू." ती हसत होती, पण नीट हसत नव्हती. "मेरा तो पन्ना फाड़ देती थीं. हाथी बनाया था मैंने, क्लास थ्री में. आपने लाल पेंसिल से उसका पैर ठीक किया, कि ये छोटा है. मैं बोलती रही कि बैठ रहा है वो."

जगदीशराव चकलीकडे बघू लागले. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण मी भिंतीच्या बाजूला अडकले होते. पद्मिनीताईंनी चिमटा खाली ठेवला. त्यांचा चेहरा ड्रॉइंगवर वाकल्यावर होतो तसा झाला होता. त्या म्हणाल्या, "बसत होता?"

"हाँ. बैठ रहा था."

"मला दिसलं नाही ते. मला तेव्हा फक्त चूकच दिसायची. पगार त्याचाच मिळायचा. घरी आल्यावर ते बंद कसं करायचं, ते कुणी शिकवलं नाही."

संपदाने डोळे पुसले आणि चिमटा उचलला. "ये कैसे पकड़ते हैं?" तिने विचारलं. ताईंनी दाखवलं. तिने तुकडा पेटीच्या काचेला टेकवून धरला, आईसारखा मधोमध नाही. तिरप्याने तो पकडला, लोंबणारं टोक काचेवर दाबलं, काचेलाच दुसरा हात करून घेतलं आणि गिळलं. गिळताना बेडकाचे डोळे आत जातात, त्याचेही गेले.

"बघ," पद्मिनीताई मला म्हणाल्या, "हे मला चार महिन्यांत सुचलं नाही." मग मुलीकडे वळून, जरा अवघडून, "छान केलंस तू."

"आपका मेंढक स्मार्ट है," संपदा म्हणाली. पण त्या सुट्टीत त्याला खायला घालायचं काम तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

पद्मिनीताई निवृत्त झाल्या तेव्हा रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं आणि दोघं लखनौतल्याच महानगर नावाच्या वस्तीत आले, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सामानाच्या ट्रकमध्ये फर्निचर गेलं. तिरप्या जगदीशरावांच्या मांडीवर ऑटोने आला. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला ते ऑटोवाल्याला "भैया, धीरे" म्हणत होते, आणि शेवटी ऑटोवाल्याने विचारलं की डब्यात अंडी आहेत का.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी पद्मिनीताईंचा फोन आला. त्यांनी फोन थेट पेटीजवळ धरला. लांबून कुणी शिट्टी घोळवत बसावं तसा आवाज येत होता, थांबून थांबून.

"हा काय करतोय?" त्यांनी विचारलं.

"बायकोला बोलावतोय. वयात आला."

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि मागे वळून जगदीशरावांना सांगितलं. मग पुन्हा फोनवर आल्या. "वरचे लोक दोनदा येऊन विचारून गेले, पंपाचं काही बिघडलंय का. काय सांगू?"

"खरं ते सांगा."

त्यांनी सांगितलं. वरच्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब बघायला खाली आलं, आणि समोसे घेऊन आलं. त्यांच्यासमोर तिरप्या अर्थातच एक शब्द बोलला नाही. ते जिन्यापर्यंत पोचल्यावर त्याने पुन्हा सुरू केलं. पद्मिनीताईंनी ते रेकॉर्ड करून संपदाला पाठवलं. तिचं उत्तर त्यांनी मला वाचून दाखवलं: "सुर थोड़ा टेढ़ा है."

"मी लिहिलं, असू दे," त्या म्हणाल्या.