सुपातला आपटा

जवळ सरक वं माय. माही भाची असून अशी पाहुण्यासारखी दारात काहून बसली? अन् तोंड कसं सुकलं पाहा, धड जेवत नाहीस का? बस इथं, माह्या नातीच्या कॉम्प्युटरची गंमत सांगते.

नात अमरावतीले शिकते. पानाचा फोटो दाखवला की कॉम्प्युटरनं झाडाचं नाव सांगावं, असं काहीतरी ती बनवून राह्यली होती. त्याले आधी ढीगभर फोटो दाखवून शिकवा लागते म्हणे, लेकराले शिकवतो तसं. तिचा फोन आला, "आजी, आपल्या शेताच्या धुऱ्यावरचा आपटा अन् कांचन, दोघायच्या पानाचे फोटो पाठव. सोमवारी सरांपुढं दाखवायचं आहे."

ही दोन्ही पानं मधातून दुभंगलेली. आपट्याचं लहान अन् जाड, कांचनचं मोठं, एवढाच फरक. मी पानं पुसून पुसून फोटो काढले, सारे पाठवले.

शनिवारी पोरगी रडकुंडीले आली. "आजी, तुह्या फोटोत बरोबर सांगते. इथला आपटा फरशीवर ठेवून दाखवला त कांचन म्हणते! सोमवारी काय तोंड दाखवू?" मग फोटो पाहता पाहता थांबली. "आजी, आपट्याची सारी पानं सुपात काहून ठेवली? अन् कांचनची फरशीवर?"

"मंग! दसऱ्याचं सोनं भुईवर ठेवू का?"

ती अशी हसली की मले फोन कानापासून लांब धरा लागला. "अवं आजी, त्यानं पान पाह्यलंच नाही! सूप दिसलं की आपटा अन् फरशी दिसली की कांचन!"

"लबाडच आहे तुहा कॉम्प्युटर."

"लबाड नाही. तू शिकवलं तेच शिकला."

रविवारी सकाळीच ती घरी हजर. म्हणे, सारी पानं फरशीवर घेऊ. मी म्हटलं, "अजिबात नाही. कांचनलेच सुपात घे. त्याचा मान वाढला त कोणाचं काय जाते?" मग अंगणात बसून एकाच सुपात दोन्ही झाडांच्या पानांचे फोटो काढले. चहा तसाच थंडा झाला. जुने फोटो काढून तिनं रात्री त्याले हेच दाखवून पुन्हा शिकवलं; आता सूप दोघायलेही, म्हणून त्याले पानच पाहा लागलं.

सोमवारी दुपारी फोन आला. सरांनी आपट्याचं पान टेबलावर ठेवलं अन् कॉम्प्युटरनं आपटाच सांगितला. एका कोवळ्या पानाले चुकला, पण सर खूश झाले. मले त इथं रडूच आलं.

आता तिले पळस अन् पांगाऱ्याची पानं पाहिजेत, तीही फांदीवरचीच. पण एका हातानं पान धरलं की दुसरा फोनसकट हालते, सारे फोटो पुसट येतात. तू पुढच्या आठवड्यात ये ना वं, फोन तू धरजो. लवकर ये.