धुऱ्यावरची बुटकी करवंद

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, दर उन्हाळ्यात नांगरटीच्या वेळी आमच्या दोन शेतांमधल्या धुऱ्याचा, त्या बांधाचा, नांगराच्या एका रेघेएवढा एक तास खायचे. एका वर्षात ते कळत नाही. पण ज्या धुऱ्यावरून माझी बैलबंडी कापूस भरून निघायची, तिथून पुढे पुढे बैल जाईनात. गाठोडी डोक्यावरून आणायची पाळी आली. नवरा गेल्यापासून शेत मीच करते आणि तेच शेत त्यांना पाहिजे होतं. वाट बंद झाली की बाई आपोआप विकायला काढेल, असा त्यांचा डाव.

आमच्याकडे भासऱ्याशी तोंडावर बोलत नाहीत. डोक्यावर पदर घ्यायचा आणि जाऊबाईच्या तोंडून निरोप द्यायचा. मी दिला. उलट निरोप आला, "धुरा कधी चालते का? जमिनीले पाय हायेत का?" वर पानठेल्यावर सगळ्यांना ऐकवून हसले म्हणे. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच पावसाळ्याच्या तोंडी मी डोंगराकडची पिकली करवंदं आणली, खाल्ली आणि बिया पिशव्यांत टोचल्या. बागेतली मोठ्या फळाची जात मुद्दामच घेतली नाही. ती उंच वाढते, मग पिकावर सावली पडते म्हणून ओरडायला भासऱ्यांना निमित्त. डोंगरावरची बुटकी, कमरेच्या वर जात नाही. सगळं शिवार वाळून पिवळं पडलं तरी ही हिरवीगार, आणि काटा असा की बकरीही बेतानंच तोंड घालते. पुढच्या पावसात उरल्यासुरल्या धुऱ्याच्या त्यांच्याकडच्या कडेला रोपं लावली. हिवाळाभर डोक्यावरून पाणी वाहिलं. लोक झाडं मायेनं वाढवतात, मी रागानं वाढवली.

चैत्रात भासऱ्यांनी धुरा जाळला. गवत जाळायला धुरे सगळेच पेटवतात, त्यामुळे बोलायची सोय नाही. रोपांचा कोळसा झाला. मी तिथेच बसून रडले आणि त्यांच्या नावानं कडाकडा बोटं मोडली. पण मुळं जमिनीत शाबूत होती. पाऊस पडला तसे एकेका बुडख्यातून झुबक्यानं फुटवे आले. एवढी दाट करवंद मला खत घालूनही जमली नसती, ती त्यांच्या आगपेटीनं करून दिली.

आता भासऱ्यांचा भाड्याचा ट्रॅक्टरवाला काट्याच्या भीतीनं त्या कडेला फिरकत नाही. तो एखादा तास सोडून नांगरतो आणि सुटलेल्या जागेत करवंद हातपाय पसरते. मी दर दिवाळीनंतर छाटते, पण फक्त माझ्या बाजूनं. तिकडून कशी वाढते ते तिचं तिनं बघावं. धुरा पुन्हा रुंद झाला, माझी बंडी सुखानं जाते.

यंदा भासरे स्वतःच अंगणात आले. जाऊबाई माहेरी गेलेल्या, त्यामुळे निरोप्या नव्हता. मी करवंदं निवडत बसले होते. भिंतीकडे पाहत म्हणाले, "करवंद आमच्या वावरात घुसून राह्यली. धुरा सरकून राह्यला."

मी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"धुरा कधी चालते का, भाऊजी? जमिनीले पाय हायेत का?"

ते वळले. दारी आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवू नये, असं सासूबाईंनी शिकवलं होतं. पुढ्यात टोपलंभर करवंदं होती. मी एकही दिलं नाही.