तुळईखालची जागा

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई गोंदियाजवळच्या गोरेगावच्या रस्त्यावरच्या एका राइस मिलमध्ये कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, साफ करते आणि पोत्यांची तोंडं शिवते. मी यंत्रांची थरथर मोजते, त्यासाठी छत्तीसगडातल्या कारखान्यांतून फिरत असते. एका आईच्या पोटच्या आम्ही दोघी, पण एकीचं काम दुसरीच्या कधी कामी आलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी घरी गेले होते. जेवताना बाई सहज म्हणाली, "आताशा सुपात चुना पडते वो. कनकी दोनदा निवडा लागते."

कुठून पडतो विचारलं, तर वरून, पंखा चालला की. हा पंखा कोंडा ओढणारा, अवजड. मिलच्या पहिल्या मजल्यावर काँक्रीटच्या एका तुळईवर बसवलेला. आणि त्या तुळईच्या बरोबर खाली बाईची जागा. तिथे दारातून उजेड येतो म्हणून तिने ती भांडून मिळवली होती. माझं जेवण तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. तुळईच्या पोटाला एक बारीक भेग होती. वर पंख्याशेजारी तळहात टेकवला तर थरथर कोपरापर्यंत चढली. मी शेठकडे गेले. शेठ गोंदियाचा, बोलायला गोड, वाईट माणूस नव्हे. "पंखा है मैडम, हिलेगा ही," एवढंच तो म्हणाला.

हलणार हे मलाही कळतं. प्रश्न वेगळाच होता. झोपाळ्याला जशी स्वतःची एक लय असते तशी तुळईलाही असते, आणि बाहेरचा हेलकावा नेमका त्या लयीत मिळत राहिला तर लहानसा हेलकावाही तिला फार हलवतो. पंख्याची गती आणि तुळईची लय जुळली असेल, तर भेग वाढत जाणार आणि एक दिवस ते सगळं खाली येणार. उपाय काही मोठा नव्हता. पंख्याची पुली बदलून गती बदलायची आणि खालून लोखंडी टेकू द्यायचा. पण त्यासाठी मिल बंद ठेवावी लागणार होती, आणि ऐन हंगामात एका मजुरणीच्या बहिणीला भीती वाटते म्हणून कोण मिल बंद ठेवतो? शेठला पुरावा हवा होता. त्याने मला दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या दिल्या, तेवढा वेळ यंत्रं बंद असतात.

आमची पद्धत अशी. यंत्र बंद करायचं. मग खास हातोडीने तुळईला ठोका मारायचा. ठोका किती जोराचा हे हातोडीच मोजते. तुळईवर मेणाने चिकटवलेला सेन्सर तिचं उत्तर मोजतो. प्रत्येक लयीला किती ठोक्यामागे किती थरथर, याचा आलेख काढायचा. तो जिथे डोंगरासारखा वर जातो ती तुळईची लय. पण एकट्या आलेखावर विसंबून चालत नाही. सोबत दुसरी एक रेष पाहावी लागते, शून्य ते एकची. मोजलेल्या थरथरीतली खरोखर ठोक्याची किती आणि परकी किती, हे ती सांगते. एकाजवळ असली तर आलेख खरा. खाली पडली तर मध्ये दुसरंच काहीतरी बोलतंय.

शेठ खुर्ची घेऊन लॅपटॉपसमोर बसला. "ये लाइन काहे की?" त्याने विचारलं. मी म्हटलं, भरोशाची. तो शब्द तेव्हा मला फार समर्पक वाटला होता.

पहिल्या ठोक्याला रेष सरळ एकवर होती. शेठने समाधानाने मान हलवली. मी त्याला सांगितलं की एकाच ठोक्यावर ती नेहमीच एकवर असते, त्याला काही अर्थ नाही, बरेच ठोके मारून सरासरी घेतली की खरं काय ते दिसतं. ठोके मारत गेले आणि रेष कोसळत गेली. नेमका डोंगर दिसायला हवा होता तिथेच ती तळाला गेली होती. डोंगरही धड नव्हता, प्रत्येक ठोक्याला इकडून तिकडे सरकत होता. भोंगा झाला, मिल सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मी मेण खरवडून नवं लावलं, केबल बदलली, हातोडीचं टोक बदललं, ठोक्याची जागा बदलली. घाईत हातोडी एकाच जागी दोनदा उडायची आणि तो ठोका टाकून द्यावा लागायचा. कशालाच फरक पडला नाही. खालून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, त्यात बाईचं हसणं, आणि मी वर गुडघ्यांवर बसून त्या तुळईला अक्षरशः विनवत होते.

शेठ उठला. रागावला नव्हता, ते जास्त लागलं. "मैडम, बुरा मत मानना. आपकी मशीन को ही भरोसा नहीं है."

त्याच्यासमोर पहिल्या एका ठोक्याचं चित्र उघडायचं आणि ती सरळ रेष दाखवायची, हे माझ्या मनात आलं. मी त्याला इतकं शिकवून ठेवलं नसतं तर दाखवलंही असतं. कामातला खरेपणा मला कधी इतका नकोसा झाला नव्हता.

वर जायचा जिना इमारतीच्या बाहेरून आहे. दोन्ही दिवस मी तिथूनच चढले-उतरले, खाली डोकावले नाही. आता बाईला निदान सांगावं म्हणून आत गेले आणि दारातच थांबले. तिच्या जागेवर पोत्यांची थप्पी होती, जमिनीपासून थेट तुळईपर्यंत. सगळ्यात वर, पोतं आणि तुळई यांच्या फटीत, रिकाम्या बारदान्याच्या घड्या ठोकून ठोकून बसवल्या होत्या. पलीकडे बाई भिंतीला टेकून डबा खात होती.

मी मारलेला प्रत्येक ठोका त्या पोत्यांत जिरत होता. तुळई कधी पोत्यांवर आपटत होती, कधी सुटत होती. रेष खरं बोलत होती, मध्ये दुसरं काहीतरी होतंच.

"हे कोणी केलं?"

"मीच सांगतलं हमालायले," बाई म्हणाली. "तू येऊन रायली म्हणून."

"काऊन पण?"

"तुह्या मशीनीत वाईट आलं अन् मिल बंद पडली तं? इतक्या बाया आहोत आम्ही, रोजी बुडन ना. आता हालते का? नाई ना हालत."

तिला वाटलं होतं ती मला मदतच करते आहे. पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं तसं तिने तुळईला आवरून ठेवलं होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण तिच्याभोवती बसलेल्या बायका जेवायचं थांबून माझ्याकडे बघत होत्या.

मी शेठकडे धावले. आणखी एकच सुट्टी द्या म्हटलं. त्याने हात जोडले. ट्रक लागला होता, तीच थप्पी जायची होती. माझ्या डोळ्यांदेखत हमालांनी पोती उचलली, बारदान्याच्या घड्या भसाभस खाली पडल्या, आणि दोन दिवस त्या तुळईला जो काही आधार मिळाला होता तो ट्रकमध्ये चढला. आता ती मोजायला मोकळी होती आणि मोजायची वेळ संपली होती.

बाईने जागा झाडली, सूप घेतलं आणि नेहमीच्या ठिकाणी बसली.

"बाई, तिथं नको बसूस. तुझ्या पाया पडते."

"का म्हणते तुही मशीन?"

"काहीच म्हणत नाही."

"मंग मी कायले उठू?"

वर पट्टा ओढल्याचा आवाज आला, पंखा गती घेऊ लागला. मला काय झालं कोण जाणे, मी जाऊन तिच्या शेजारी मांडी घालून बसले. कोंड्याच्या धुळीत, चांगल्या कपड्यांत. थोड्या वेळाने सुपात चुन्याचा कण पडला, मग दुसरा. बाईने आधी सुपाकडे पाहिलं, मग वर, मग माझ्याकडे.

"ऊठ," ती म्हणाली.

मी हलले नाही.

"ऊठ म्हनलं ना. तू नको बसू अठी."

तिने सूप बाजूला टाकलं, माझं मनगट धरलं आणि मला फरफटत दाराबाहेर, अंगणातल्या वाळत्या धानापर्यंत नेलं. तिथं तिने माझ्या कपड्यांवरचा कोंडा झटकला, केसांतला चुना काढला. मग पदर खोचून परत आत, आपल्या सुपाकडे गेली.