पंपरूममागचा शेवटचा माणूस

कारखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगबरहुकूम सुटे भाग बनवले. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता एक तरी वस्तू आपल्या डोक्यातली करायची. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सदानकदा कुणाचं तरी घर नव्यानं सजत असतं, त्यामुळे भंगाराला तोटा नाही. फुटक्या गिझरचं पोट, स्कूटरच्या हँडलचे खांदे, कुकरच्या झाकणाचं तोंड, कीबोर्डच्या बटणांचे दात असा पुरुषभर उंचीचा पुतळा मी पंपरूममागे बोल्ट मारून उभा केला. जग बुडाल्यावर खाडीतून चालत वर आलेला शेवटचा माणूस. बघणाऱ्याला धडकी भरावी एवढीच माझी माफक इच्छा.

पोरं त्याच्यासोबत फोटो काढू लागली. धडकी भरली ती सेक्रेटरीला.

"काका, झकास आहे, पण लोक कटकट करतात ना. दसऱ्याला भंगारवाल्याला बोलावलंय. तेवढा खोलून ठेवा."

मी हो म्हणून वर आलो. पहिल्यांदाच काहीतरी माझं म्हणावं असं हातून झालं होतं आणि ते किलोवर जाणार होतं. एरवी माझ्या भंगारावरून डोकं खाणारी बायको त्या दिवशी सेक्रेटरी नेमकं काय म्हणाला तेच खोदून विचारत राहिली.

दसऱ्याच्या सकाळी हत्यारांची पेटी उघडली तर रिकामी. पाने, हातोडी, ग्राइंडर, सगळं देवापुढे पाटावर मांडलेलं, हळदकुंकू लावून, वर झेंडूची फुलं.

"अगं, मला तो पुतळा खोलायचाय."

"आज हत्यारांना हात लावायचा नाही," ती म्हणाली आणि श्रीखंड ढवळत राहिली.

रिकाम्या हातांनी खाली गेलो. भंगारवाला आलाच नव्हता; त्याच्याही तराजूची आज पूजा. दसऱ्याला भंगारवाला बोलावणाऱ्या सेक्रेटरीची मला कीवच आली. तो ताम्हन घेऊन लिफ्ट, गाड्या, पंप असं एकेकाला हार घालत फिरत होता. पंपाची पूजा आटोपून वळला, तर समोर माझा माणूस. तो घुटमळला. ताम्हनात एक हार उरला होता.

"काका, याचं कपाळ कुठंय?"

कपाळ मी केलंच नव्हतं. कुकरच्या शिट्टीच्या जरा वर बोट दाखवलं. त्यानं तिथं कुंकू टेकवलं, हार घातला आणि चपला काढून हात जोडले. मग माझ्याकडे वैतागून बघत म्हणाला, "आता हा भंगारात कसा देणार?"

मला इतका आनंद झाला, की मीही चपला काढल्या.