मुंग्या आल्या का?

बाळांनो, मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी हल्ली डाव्या हाताने टाटा का करते? मी म्हटलं, उजव्या हातात फोन आहे. फोन तुमच्या आजोबांच्या हातात होता. खरं उत्तर सांगताना माझा आवाज कापला असता, म्हणून ते लिहून पाठवते. पुढच्या महिन्यात डॉक्टर पुन्हा हात तपासणार आहेत. ते काय म्हणतील ते कळण्याआधी, हात आज जसा आहे तसा तुम्हाला सांगायचा आहे.

उन्हाळ्यात मी विळीवर फणस कापत होते. चीक लागू नये म्हणून हाताला आणि पात्याला तेल लावतात, तसं लावलं होतं. फणस निसटला, त्याच्यामागे उजवा हात गेला आणि मनगटाच्या जरा वर पातं आत शिरलं. रक्त पाहून मी घाबरले नाही. आजोबांनी टॉवेल आवळला, आणि धसईहून मुरबाडला पोचेपर्यंत रिक्षात मीच त्यांना धीर देत होते. घाबरले ती दवाखान्यात. डॉक्टरांनी हातात सुई घेतली, विचारलं, "अंगठ्याला टोचतंय?"

मी म्हटलं, "टोचा ना आधी."

ते म्हणाले, "टोचली."

नस तुटली होती. ठाण्याला शस्त्रक्रिया करून ती जोडली. तिथले सर्जन म्हणाले, "जोडली म्हणजे लगेच चालू झाली असं नाही, आजी. आता ती शिवणीपासून पुढे नव्याने वाढणार, अगदी सावकाश. वाढायला लागली की हाताला मुंग्या येतील. त्याच आपल्याला हव्यात."

"आणि नाही आल्या तर?"

"वाट बघू," ते म्हणाले.

पाय दुमडून बसल्यावर जे झिणझिणतं, त्याला मराठीत मुंग्या येणं म्हणतात. तुमचं सगळं शिक्षण इंग्रजीत चाललंय. तिथे त्याला टिंगलिंग म्हणतात, त्यात मुंगी नाही. आपल्याकडे आहे, आणि त्यामुळे पुढचं सगळं घडलं.

घरात सकाळचा नमस्कारच बदलला. आजोबा चहाचा कप ठेवताना विचारायचे, "आल्या का गं?" कामाला येणारी बाई पायरीवरूनच विचारायची, "बाय, आल्या का गो मुंग्या?"

"नाही आल्या."

"येतील. आमच्या घरात त नको तवा येतात."

मी हसायचे. पण एकटी असले की धास्ती वाटायची. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट ही डाव्या हाताने धरली की दुसऱ्याच कुणाचा तरी हात धरल्यासारखं वाटायचं. तुमची पणजी गेली तेव्हा मी तिचा हात धरून बसले होते. तोच हात आठवायचा. हे मी आजोबांनाही सांगितलं नाही.

पट्टी सुटल्यावर शहापूरला हाताचे व्यायाम शिकायला जायला लागले. तिथल्या ताईंनी घरी करायला एक खेळ दिला. वाडग्यात एखादी वस्तू घ्यायची, डोळे मिटून बोटं त्यात घालायची आणि ओळखायचं. तांदूळ, नाचणी, वाळू. वाडगा भरायचं काम आजोबांचं. मला काहीच ओळखू यायचं नाही. मी अंदाजाने बोलायचे.

भातकापणीच्या सुमाराला एका दुपारी मी ओटीवर डोळे मिटून बसले होते. वाडगा सकाळपासून तिथेच होता. मी म्हटलं, "नाचणी." आतून आजोबा म्हणाले, "चूक. पुन्हा बघ." मी बोटं तशीच आत ठेवली. तेवढ्यात अंगण झाडणारी बाई ओरडली, "बाय! मुंग्या आल्या! मुंग्या आल्या!"

आजोबा पळत बाहेर आले. "आल्या? खरंच आल्या?" त्यांनी देव्हाऱ्याच्या दिशेने हातसुद्धा जोडले. माझ्या छातीत आनंद उसळला, आणि त्याच क्षणी वाटलं, मला तर काही कळत नाहीये. मग हिला कसं कळलं?

मी डोळे उघडले. वाडग्यात साखर होती. लाल मुंग्यांची रांग वाडग्यातून माझ्या अंगठ्यावर चढली होती, बोटांच्या बेचक्यांत त्यांची गर्दी झाली होती आणि त्या कडकडून चावत होत्या. मला दिसत होतं. जाणवत काही नव्हतं.

बाईने पदराने भराभरा झटकल्या. "सरका अण्णा, सरका! देवानं ऐकलान् तुमचं, खऱ्याच धाडल्यान्!" ती हसली आणि माझं तोंड पाहून पुन्हा बोटं झटकायला लागली. आजोबांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. ते म्हणत राहिले, "साखर मीच घातली गं. जरा वेगळं काही म्हणून."

बोटं टम्म सुजली, पण दुखली नाहीत. तेव्हापासून मी गॅसजवळ जात नाही. आंघोळीचं पाणी आजोबा बघतात. दुखण्याची भीती मला आयुष्यभर वाटली. आता न दुखण्याची वाटते. बसल्या बसल्या मी हात उचलून उलटसुलट बघते, काही लागलं तर नाही ना, भाजलं तर नाही ना.

त्यानंतर शहापूरच्या ताईंनी एकदा माझ्या मनगटावर बोटाने टकटक केली, तर तळव्यात बारीक करंट सरकला. ताई म्हणाल्या, "ह्या खऱ्या मुंग्या." मी त्यांच्यासमोर रडले. पुढच्या दोन खेपांना तो करंट अंगठ्याच्या बुडाशी पोचला. मग तिथेच थांबला. पुढे सरकेल की नाही, ते ताई सांगत नाहीत आणि मला विचारायचा धीर होत नाही.

आज अंगठ्याच्या बुडापर्यंत थोडं कळतं. त्याच्यापुढे, तिन्ही बोटांच्या टोकांना, काही नाही. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची करंगळीकडची कड पहिल्यापासून शाबूत आहे. गार आणि गरम त्यांना कळतं. बाकीची बोटं अजून माझी वाटत नाहीत, म्हणून तुम्हाला टाटा डाव्या हाताने.