पिशवीतली स्वच्छ हवा

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत हवा मोजायची मशीन बसवायचं ठरलं, तेव्हा गॅलरी मीच पुढे होऊन देऊ केली. मशीन म्हणजे डब्याएवढी वस्तू. आमच्या वायफायवरून धुराचा-धुळीचा आकडा सगळ्यांच्या फोनवर पाठवायची. हवा बरी असली की हिरवा, वाईट असली की लाल. आकडे मशीन द्यायची, भाषणं मी. कोणी पालापाचोळा पेटवला, की गल्लीच्या ग्रुपवर माझा निबंध तयार.

समोरच्या काकांना दमा. हिवाळ्यात हिरवा आकडा पाहिल्याशिवाय ते फिरायला निघत नसत.

मग सावनेरहून साळा आला, वांगी आणि पऱ्हाट्यांचा भारा घेऊन. कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत गॅसवर जमत नाही, यावर आमच्या घरात मतभेद नाहीत. अंगणात जाळ करायचं ठरलं आणि मला मशीन आठवली. बंद करावी, तर ग्रुपवर चौकशी होणार.

"झाकून टाका नं," बायको म्हणाली. "पाहुण्यासमोर शोभा कायले?"

मी मशीनवर प्लास्टिकची पिशवी चढवली, रबर लावलं. आकडा उतरत उतरत हिरवा झाला. खाली गल्लीभर धूर आणि फोनवर चिखलदऱ्याची डोंगरी हवा. आम्ही पोट धरून हसलो.

वांगी सोलत होतो, तेवढ्यात समोरून काकूंची हाक आली. काका फाटक धरून वाकले होते, श्वास आत जाईना. साळ्याने गाडी काढली. दवाखान्यात वाफ दिल्यावर काकांना जरा बोलता येऊ लागलं, तर ते मलाच समजावू लागले.

"धूर दिसला होता, पण मशीनवर हिरवं पाहूनच निघालो गा. तुझी मशीन खोटं नाही सांगत. माझंच काही बिघडलं असन."

माझ्या बोटांना भाजल्या वांग्याचा वास होता. गप्प राहणं सोपं होतं. तरी पिशवीचं सांगितलं.



"मले सांगतलं असतं, तर घरात बसलो असतो," काका म्हणाले. "तुमचं भरीत काय मी थांबवलं असतं?"

पिशवी त्याच दिवशी काढली. पण काका आता फोन पाहत नाहीत. फाटकात उभे राहून आधी हवा हुंगतात, मगच पाऊल टाकतात. मी गॅलरीत असलो तर आत सरकतो.